ग्रीक आणि लायबेरियन स्थलांतरित : तुलना कोणत्या वर्षापासून धरायची?

सुरतेच्या उधना-लिंबायत भागात स्थिरावलेली खानदेशी कुटुंबे आणि दरवर्षी दिवाळीनंतर धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांतून ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरणारी कुटुंबे यांना शेजारी ठेवून "हे वर आले, ते तिथेच राहिले" असा निकाल देण्याची आपल्या भागात सवय आहे. निकाल देणारा बहुधा पहिल्या गटातला किंवा त्यांच्या नात्यातला असतो, आणि कारण म्हणून तो मेहनत, बचत, घरातली शिस्त असे गुण सांगतो. मीही त्याच गटातल्या घरचा आहे. माझे थोरले काका सुरतेत यंत्रमागावर लागले आणि त्यांच्या आधाराने आमच्या भावकीतली निम्मी मुले तिकडे गेली. म्हणूनच हा निकाल मला नेहमी खटकत आला आहे. जिथे आपली सोयरीक नाही, जातीचा प्रश्न नाही आणि कोणाची बाजू घेण्याचे कारण नाही, अशी दुसरी एखादी जोडी तपासून पाहावी, म्हणून अमेरिकेतल्या ग्रीक आणि लायबेरियन समाजांविषयी मी गेले काही महिने वाचत आहे.

आजचे चित्र सरळ दिसते. ग्रीक वंशाच्या अमेरिकन कुटुंबांचे उत्पन्न आणि शिक्षण राष्ट्रीय सरासरीच्या वर आहे, त्यांच्यात घरमालक, वकील, डॉक्टर आणि उपाहारगृहांचे मालक पुष्कळ आहेत. लायबेरियन कुटुंबे त्या तुलनेत मागे आहेत. त्यांच्यातला मोठा वर्ग वृद्धाश्रमांत आणि रुग्णांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्याच्या कामात आहे. लायबेरियाची राजभाषा इंग्रजी आहे, म्हणजे भाषेची अडचण ग्रीकांना होती तितकी त्यांना नाही. शिवाय आफ्रिकेतून आलेल्या स्थलांतरितांमध्ये नोकरी-धंदा करणाऱ्यांचे प्रमाण एकंदर अमेरिकन लोकसंख्येपेक्षा जास्तच आहे. भाषा येते, काम करण्याची तयारी आहे, तरीही उत्पन्न मागे आहे. याचे उत्तर स्वभावात शोधणाऱ्याला इथेच थांबावे लागते.

ग्रीकांचे मोठे स्थलांतर 1890 नंतर सुरू झाले आणि त्याचे मूळ बेदाण्याच्या भावात होते. फ्रान्समधल्या द्राक्षबागा फायलोक्सेरा किडीने उद्ध्वस्त झाल्या तेव्हा वाइनसाठी ग्रीसचा बेदाणा फ्रान्सला जाऊ लागला आणि दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनीजच्या शेतकऱ्यांनी जुनी ऑलिव्हची झाडे तोडून द्राक्षवेली लावल्या. पुढे फ्रान्सच्या बागा सावरल्या, त्यांनी आयातकर वाढवला, आणि 1893 मध्ये भाव कोसळले. त्याच वर्षी ट्रिकूपिस यांच्या सरकारने देश दिवाळखोर झाल्याचे जाहीर केले. एका पिकावर सारा संसार उभा केल्यावर बाजार फिरला तर काय होते, हे रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. त्यानंतरच्या तीन दशकांत सुमारे चार लाख ग्रीक अमेरिकेला गेले. त्यांतले दहापैकी नऊ पुरुष होते, बहुतेक तरुण आणि अविवाहित; कर्ज फेडावे, बहिणींचा हुंडा उभा करावा आणि गावी परतावे एवढाच त्यांचा हेतू होता. जवळपास निम्मे खरोखर परतलेही.

जे राहिले त्यांचे 1910 च्या सुमाराचे जीवन आज कोणी त्यांच्या नातवंडांना सांगितले तर त्यांचा विश्वास बसणार नाही. मुकादम उचल देऊन माणसे आणत आणि मजुरीतून आपला हिस्सा कापून घेत. कोवळ्या मुलांना बूट पुसण्याच्या दुकानांत सकाळपासून रात्रीपर्यंत राबवले जात होते, आणि अमेरिकन सरकारच्या स्थलांतर आयोगाने 1911 च्या अहवालात त्याची नोंद घेतली. युटामधल्या बिंगहॅमच्या तांब्याच्या खाणीत लिओनिडास स्क्लिरिस नावाचा मुकादम इतका प्रबळ होता की 1912 च्या संपात त्याची हकालपट्टी ही ग्रीक कामगारांची एक प्रमुख मागणी होती. 1909 च्या फेब्रुवारीत नेब्रास्कातल्या साउथ ओमाहा येथे एका ग्रीकाच्या हातून पोलीस मारला गेल्यावर जमावाने संपूर्ण ग्रीक वस्ती जाळली-लुटली आणि सर्व ग्रीकांना गावाबाहेर हाकलले. 1914 मध्ये कोलोरॅडोतल्या लडलो येथे संपकऱ्यांच्या तंबूंवर हल्ला झाला, त्यात क्रीट बेटावरून आलेला कामगार पुढारी लुई टिकास मारला गेला. त्या काळी एखाद्या अमेरिकन अभ्यासकाने ग्रीकांविषयी निकाल दिला असता, तर तो "अशिक्षित, भांडखोर, पैसे गावी पाठवणारे आणि या देशाशी कधीही एकरूप न होणारे" असाच दिला असता, आणि तसे निकाल दिले गेलेही.

मग बदलले काय? 1924 च्या स्थलांतरविषयक कायद्याने ग्रीसचा वार्षिक कोटा केवळ 100 माणसांवर आणला. नवे लोक येणे जवळजवळ बंद झाले. आधीच आलेले मात्र नागरिक होऊ शकत होते, कारण कायद्याच्या नजरेत ते गोरे होते. त्यांची मुले दुसऱ्या महायुद्धात लढली आणि माजी सैनिकांसाठीच्या 1944 च्या कायद्याखाली सरकारी खर्चाने महाविद्यालयात गेली, सरकारी हमीच्या कर्जावर उपनगरांत घरे घेतली. त्याच काळात काळ्या सैनिकांना ही कर्जे कागदावर मिळत होती आणि बँकेच्या दारात नाकारली जात होती, हे इथे विसरता येत नाही. ग्रीकांची उपाहारगृहे हा त्यांच्या उन्नतीचा दुसरा आधार. गावाकडून आलेला मुलगा आधी भांडी घासायचा, मग स्वयंपाकी व्हायचा, मग मालकाचा भागीदार आणि शेवटी स्वतःच्या दुकानाचा मालक. भांडवल, कौशल्य आणि पत या तिन्ही गोष्टी त्याला एकाच छताखाली, आपल्याच माणसांकडून मिळत गेल्या.

लायबेरियन लोकांची कहाणी निराळ्या ठिकाणी सुरू होते. अमेरिकेतल्या मुक्त झालेल्या काळ्या लोकांनी 1822 पासून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर वसाहत केली आणि 26 जुलै 1847 रोजी लायबेरिया स्वतंत्र झाला. राजधानी मन्रोव्हियाला अमेरिकन अध्यक्ष मन्रो यांचे नाव आहे, आणि झेंड्यावर पट्ट्यांसोबत एकच तारा आहे. वसाहत करणाऱ्यांच्या वंशजांची सत्ता 1980 च्या लष्करी उठावापर्यंत टिकली. त्याआधी अमेरिकेत गेलेले लायबेरियन बहुधा सधन घरांतले विद्यार्थी होते आणि त्यांच्यातले अनेक चांगल्या नोकऱ्यांत स्थिरावले. 1989 च्या डिसेंबरात चार्ल्स टेलरच्या बंडाने यादवी पेटली, मधल्या खंडासह ती 2003 पर्यंत चालली, आणि सुमारे अडीच लाख माणसे मेली. यानंतर आलेले लायबेरियन कमाईसाठी निघालेले नव्हते. जीव वाचवण्यासाठी निघालेले होते, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या मुलांची शाळेची वर्षे घानातल्या बुदुबुरामसारख्या छावण्यांत गेली होती.

माझ्या मते या तुलनेचा गाभा पुढच्या मुद्द्यात आहे, आणि तोच सर्वांत कमी सांगितला जातो. निर्वासित म्हणून रीतसर आणलेल्या लायबेरियन लोकांना कायम वास्तव्याचा हक्क मिळाला. पण जे आधीपासून अमेरिकेत होते किंवा अन्य मार्गाने पोहोचले, त्यांना 1991 मध्ये तात्पुरते संरक्षण मिळाले. त्याची मुदत पुनःपुन्हा वाढवली गेली, 1999 मध्ये तर ते संरक्षणही गेले आणि, 2002 ते 2007 ही वर्षे वगळता, केवळ राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीने हद्दपारी पुढे ढकलली जाऊ लागली. 2018 मध्ये ती सवलतही संपवण्याची घोषणा झाली. शेवटी 2019 च्या डिसेंबरात संरक्षण-खर्चाच्या कायद्यात एक कलम घालून त्यांच्यासाठी कायम वास्तव्याचा मार्ग उघडला. म्हणजे काही कुटुंबांनी 28 वर्षे पुढच्या मुदतवाढीकडे डोळे लावून काढली. या माणसांना काम करण्याचा परवाना होता, ते कर भरत होते. पण त्यांना नागरिकत्व नाही, महाविद्यालयासाठी केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य नाही, बायको-मुलांना बोलावण्याचा हक्क नाही. पुढच्या वर्षी आपण या देशात असू की नाही हे ज्याला सांगता येत नाही, त्याने दुकान टाकण्यासाठी कर्ज काढावे आणि बँकेने ते द्यावे, अशी अपेक्षा करणेच अन्यायाचे आहे.

हे वाचताना मला सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रातली नंदुरबार जिल्ह्यातली 33 गावे आठवत राहिली. त्यांतल्या ज्या कुटुंबांच्या नावे सातबारा होता त्यांचा दावा निदान मोजला गेला. जे पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसत होते, त्यांची प्रकल्पग्रस्त म्हणून गणना व्हावी यासाठीच वर्षे गेली. सुरतेला गेलेल्या आमच्या काकांकडून कोणी कागद मागितला नव्हता. भुसावळ-सुरत गाडीचे तिकीट आणि ओळखीच्या माणसाचा पत्ता एवढे त्यांना पुरले, कारण ते स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या वेळेला आणि आधी गेलेल्यांच्या आधाराने गेले. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले आहेत याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटावाच. परंतु त्या उंचीच्या पायथ्याशी लोहमार्ग, वाढती बाजारपेठ आणि निर्विवाद नागरिकत्व होते, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे.

कामाच्या स्वरूपानेही मोठा फरक पडला. मिनेसोटातल्या ब्रुकलिन पार्क आणि ब्रुकलिन सेंटर, न्यूयॉर्कमधले स्टेटन आयलंडचे पार्क हिल, फिलाडेल्फियाचा नैर्ऋत्य भाग, ऱ्होड आयलंडमधले प्रॉव्हिडन्स या लायबेरियन वस्त्यांमधल्या स्त्रिया मोठ्या संख्येने शुश्रूषेच्या कामात आहेत. म्हाताऱ्यांना उठवणे-बसवणे, आंघोळ घालणे, रात्रपाळी करणे हे काम समाजाला अत्यंत आवश्यक आहे आणि त्याचा मोबदला कमी आहे. उपाहारगृहात भांडी घासणारा मालक होऊ शकत होता; वृद्धाश्रमातल्या मदतनीस स्त्रीला नोंदणीकृत परिचारिका होण्यासाठी मात्र शुल्क भरून, पाळ्या सांभाळून, वर्षानुवर्षे शिकावे लागते. तरीही कित्येकींनी ते केले, आणि काहींनी घरपोच शुश्रूषेच्या लहान संस्थाही काढल्या. भांडवलासाठी पश्चिम आफ्रिकेतली सुसू त्यांच्या कामी येते, जी व्यवहारात आपल्या भिशीसारखीच चालते. कमाईतला मोठा हिस्सा मन्रोव्हियातल्या नातेवाइकांना जातो. 1910 चा ग्रीकही हेच करत होता आणि त्याला याच गोष्टीवरून दोष दिला जात होता.

वर्णाचा प्रश्न टाळून ही तुलना पूर्ण होत नाही. ग्रीकांविरुद्ध द्वेष होता. कु क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या त्रासामुळेच 1922 मध्ये अटलांटा येथे त्यांनी अहेपा ही संघटना स्थापन केली, आणि तीही योगायोगाने 26 जुलैलाच. पण नाव बदलून, उच्चार सुधारून ग्रीकाचा मुलगा एका पिढीत गर्दीत मिसळू शकला. लायबेरियन मुलगा कितीही शिकला तरी रस्त्यावरचा पोलीस त्याच्याकडे काळा तरुण म्हणूनच पाहतो. 2014 मध्ये इबोलाची साथ आली तेव्हा वर्षानुवर्षे आफ्रिकेत न गेलेल्या लायबेरियन लोकांनाही अमेरिकेत संशयाने वागवले गेले.

संस्कृतीचा काहीच वाटा नाही, असे मी म्हणत नाही. चर्च, समाजसंघटना आणि घरच्यांनी मिळून चालवलेला धंदा ही ग्रीकांची खरी ताकद होती. मात्र ती तयार होऊन आली नव्हती. राजा आणि पंतप्रधान वेनिझेलोस यांच्यातल्या भांडणाने अमेरिकेतली ग्रीक चर्चेसही दोन तटांत फुटली होती, आणि 1931 मध्ये आर्चबिशप अथेनागोरस आल्यानंतरच ती हळूहळू सांधली गेली. लायबेरियन समाजातली फूट याहून खोल आहे, कारण तिथे एकाच वस्तीत पीडित आणि माजी बंडखोर शेजारी राहिलेले आहेत. फिलाडेल्फियाजवळ राहणारा माजी सेनानी मोहम्मद जब्बाते स्थलांतराच्या अर्जात खोटे सांगितल्याबद्दल 2017 मध्ये दोषी ठरला आणि पुढच्या वर्षी त्याला 30 वर्षांची शिक्षा झाली. शेजाऱ्यावर विश्वास नसताना भिशी चालवणे, संस्था उभारणे किती कठीण असेल याची कल्पना करावी.

आणि तरीही वर्षे मोजली तर चित्र उलटते. पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेले स्पायरो ॲग्न्यू यांचे वडील एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रीसहून आले. मुलगा त्या पदावर 1969 मध्ये पोहोचला. निर्वासित विल्मट कॉलिन्स 1994 मध्ये मोंटानातल्या हेलेना शहरात आले आणि 2017 मध्ये त्याच शहराचे महापौर म्हणून निवडून आले. पुढच्याच वर्षी, लहानपणी लायबेरियातून आलेले माइक इलियट ब्रुकलिन सेंटरचे महापौर म्हणून निवडून आले. पहिल्याच पिढीत, हेलेनासारख्या मुख्यतः गोऱ्या शहरात, काळ्या निर्वासिताने मते मिळवावीत ही गोष्ट मला या सगळ्या वाचनात सर्वांत मोलाची वाटली.

2019 च्या कायद्याखाली अर्ज करण्याची मुदत 20 डिसेंबर 2021 रोजी संपली. 2014 पासूनच्या सलग वास्तव्याचे पुरावे गोळा करणे, वकिलाचा खर्च, मधली महामारी आणि सरकारी दाराची जुनी भीती यांमुळे पात्र असूनही पुष्कळांनी अर्जच केला नाही. ज्यांनी केला आणि ज्यांना हक्क मिळाला, ते आज कायद्याच्या दृष्टीने तिथे उभे आहेत जिथे ग्रीक खाणकामगार अमेरिकेत उतरल्यापासूनच उभा होता. त्यांच्या मुलांचे शिक्षण, घरे आणि धंदे यांची ग्रीकांशी तुलना करायची असेल, तर ती 1990 पासून धरता येणार नाही. 2020 पासून धरावी लागेल, आणि समोर ग्रीकांची आजची पिढी न ठेवता 1910 ची ठेवावी लागेल.