दावं कोणी सोडलं?

कृष्णाकाठच्या आमच्या गावात दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत मुले जमतात आणि मी त्यांना गोष्टी वाचून दाखवते. याच मुलांसाठी, त्यांच्याच परिसरातील एक चित्रपुस्तक स्वतःच्या खर्चाने छापावे असे मी ठरवले, तेव्हा गोष्ट माझ्याकडे तयार होती: ऑगस्ट 2019 च्या महापुरात गोठ्यात अडकलेल्या म्हशीला एक मुलगा वाचवतो. मुलांनी चित्रे तेवढी काढायची, एवढाच त्यांचा सहभाग मी गृहीत धरला होता. पहिले वाचन संपल्यावर चौथीतली एक मुलगी शांतपणे म्हणाली, ‘‘काकू, म्हशीला पवता येतंय की. तिला कशाला वाचवायचं?’’ आणि मी काही बोलण्याच्या आत तिच्या शेजारच्या मुलाने भर घातली, ‘‘म्हस बुडत न्हाई. दाव्याला बांधल्याली असली तर बुडती.’’

माझे कथानक तिथेच कोसळले, आणि मला आता वाटते की खरे पुस्तक त्याच वाक्यात सुरू झाले. म्हशीला कोण वाचवतो हा प्रश्न उरलाच नाही. दावे कोण सोडतो आणि केव्हा सोडतो, हा प्रश्न उरला. सोडलेली म्हैस वाहून गेली तर घरचे दूध गेले, आणि नाही सोडली तर म्हैसच गेली, हा पेच त्या मुलांना मला समजावून सांगावा लागला, कारण मी नोकरदार घरातली आणि त्यांच्यापैकी निम्म्यांच्या दारात गोठा आहे. पुराच्या दिवसांत आमच्याकडे माणसे एकमेकांना ‘आयर्विनला किती?’ असे विचारतात. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे, एवढाच त्याचा अर्थ. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस फूट धोक्याची, आणि त्या वर्षी पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत चढले होते. गोष्टीची पाने या आकड्यांवरून पुढे सरकावीत, ही कल्पनाही मुलांचीच.

मात्र मुलांनी सुचवलेले सगळेच मी स्वीकारले नाही. हेलिकॉप्टर, मगर आणि एक डायनोसॉर यांची मागणी बराच काळ टिकून होती, आणि सुरुवातीला हात वर करून मतदान घेण्याची चूक मी केली; मतदानाने एका शनिवारात गोष्टीची भेळ झाली. त्यानंतर मी एक नियम केला. जे मुलांनी पाहिले आहे किंवा घरी ऐकले आहे, तिथे त्यांचा शब्द अखेरचा. जे पडद्यावरून आले आहे, ते का हवे हे त्यांनी मला पटवून द्यायचे. मगर त्या कसोटीला उतरली, कारण पुरात मगरी वस्तीजवळ आल्याचे त्यांच्या घरी बोलले जात होते. डायनोसॉर गेला.

चित्रपुस्तक स्वतः छापणाऱ्यांना माझे आग्रहाने एकच सांगणे आहे: मुलांना डमीच्या, म्हणजे पुस्तकाच्या कच्च्या नमुन्याच्या, टप्प्यावर बसवावे. मजकूर पक्का होऊन पानांची मांडणी झाल्यावर त्यांना बोलावले, तर त्यांच्यासाठी रंग भरण्याखेरीज काही उरत नाही. मधोमध पिन मारलेल्या पुस्तकाची पाने चारच्या पटीत असावी लागतात. आमचे पुस्तक 24 पानांचे ठरले, म्हणून सहा कोरे कागद एकात एक घडी घालून आम्ही डमी केली आणि पेन्सिलीने त्यात गोष्ट मांडली. पान उलटणे म्हणजे काय असते, हे मुलांना तिथे उमगले. गोष्टीतल्या आजोबांचा हात दाव्याकडे जातो तो क्षण उजव्या पानाच्या तळाशी हवा आणि पुढे काय झाले ते उलटल्यावरच दिसायला हवे, असा हट्ट एका सातवीतल्या मुलाने धरला आणि त्यासाठी आधीची दोन पाने एकत्र केली. संपादकाला याहून वेगळे काय करायचे असते, मला ठाऊक नाही.

संगणकावर अक्षरजुळणी झाल्यावर दुसरी हरकत आली, तीही माझ्या नजरेतून सुटलेलीच. ‘‘हा ल आमचा न्हाई,’’ असे तिसरीतल्या मुलाने सांगितले. टंकात दंडाचा ल होता आणि शाळेत तो पाकळीचा ल शिकला होता. 2009 च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच रूपे ठरवून दिलेली आहेत, पण अनेक टंक मुळातून हिंदी वळणाची रूपे दाखवतात. मोठ्या माणसांना त्याचे काही वाटत नाही. नुकतेच वाचू लागलेले मूल मात्र तिथे अडखळते, त्यामुळे टंक बदलणे भाग होते.

छपाईबद्दल थोडक्यात सांगते. तेलखडूची चित्रे मोबाइलने टिपून चालत नाहीत, ती स्कॅनच करावी लागतात. पडद्यावरचा झगझगीत निळा रंग चार रंगांच्या छपाईत विझतो, म्हणून एक रंगीत प्रूफ काढून मुलांना दाखवले. पुराचे पाणी निळे नसतेच, गढूळ असते, असे त्यांनी बजावल्यावर माझी निळ्याची काळजीच संपली. गुळगुळीत चकाकणाऱ्या कागदावर खोलीतल्या ट्यूबलाइटची तिरीप पडते अशी तक्रार आली, तेव्हा मॅट कागद घेतला. ऑफसेटवर पाचशे प्रती छापल्या, कारण त्याहून कमी छापल्या तर प्रत फार महाग पडत होती.

हक्कांच्या बाबीकडे मात्र बहुतेक हौशी प्रकाशक काणाडोळा करतात, आणि मीही केलाच असता. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार चित्राचा पहिला मालक ते काढणारा असतो, मग तो आठ वर्षांचा का असेना. हा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे टिकतो. म्हणजे आमच्या तिसरीतल्या चित्रकाराने ऐंशी वर्षे पाहिली, तर त्याच्या गढूळ पाण्यावरचा हक्क पुढचे शतक बघेल. दुसरीकडे, आपल्या कायद्यात अल्पवयीन व्यक्तीला करार करता येत नाही. म्हणून प्रत्येक पालकासमोर बसून साध्या मराठीत एक पान लिहिले: चित्र मुलाचेच राहील, या एका पुस्तकात छापण्याची परवानगी मला मिळेल, मूळ कागद परत दिला जाईल आणि पुनर्मुद्रण करताना पुन्हा विचारले जाईल. एका आईने मुलाचे आडनाव नको असे सांगितले, म्हणून सर्वांचीच केवळ पहिली नावे वर्णानुक्रमे आली, माझ्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत. मुलांकडून सारे काम करून घ्यायचे आणि मलपृष्ठावर ‘बालमित्रांच्या सहकार्याने’ एवढी ओळ टाकायची, ही पद्धत मला अप्रामाणिक वाटते.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो आणि लेखक स्वतः प्रकाशक असला तरी अर्ज करू शकतो. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत पाठवायची असते, हे ऐकून मुलांना एकदम गांभीर्य चढले.

पार्सले बांधण्याच्या दिवशीच चूक सापडली. सतराव्या पानावर ‘आयर्विनला साडे 57’ ऐवजी ‘साडे 75’ छापले गेले होते. प्रूफ शेवटच्या वेळी मी एकटीने, रात्री घाईत वाचले होते. मुलांना दाखवायचे राहून गेले होते. एवढ्या पाण्यात आपली शाळाच काय, टाकीसुद्धा बुडाली असती, असा हिशेब त्यांनी लगेच मांडला. पाचशे प्रती परत छापण्याइतके पैसे माझ्याकडे नव्हते. मग तीन शनिवार मुले वर्तुळ करून बसली आणि एकेका प्रतीत चुकीच्या आकड्यावर पांढरी चिठ्ठी चिकटवून बरोबर आकडा हाताने लिहीत गेली. चौथीतल्या त्या मुलीने आपल्या वाट्याच्या प्रतींत चिठ्ठीच्या कडेला एकेक मासाही काढला. कोलकात्याला गेलेली प्रत तिच्या गठ्ठ्यातली आहे.