लेकीसाठी व्हायोलिनची पद्धत निवडताना

लेक सात वर्षांची. कुठलीही धून दोनदा कानावर पडली की आजीच्या पेटीवर शोधून काढणार. व्हायोलिन तिनेच मागितलं, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. प्रश्न होता, शिकवायचं कोणत्या पद्धतीने?

नागपुरात धरमपेठेतल्या एका क्लासमध्ये पाश्चात्त्य पद्धत पाहिली. मुलं उभी राहून, व्हायोलिन हनुवटीखाली धरून, समोरचं नोटेशन वाचत वाजवत होती. बोटं कुठे ठेवायची हे कळावं म्हणून पट्टीवर रंगीत टेप चिकटवलेल्या. शिस्त उत्तम, ग्रेडच्या परीक्षाही असतात. पण लेकीची नजर सतत त्या टेपवर जात होती आणि ऐकणं मागे पडत होतं.

मग सुझुकी पद्धतीबद्दल वाचलं. शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) या जपानी वादकाचं म्हणणं असं, की मूल मातृभाषा जशी ऐकून शिकतं तसंच संगीतही शिकू शकतं. म्हणून आधी भरपूर ऐकायचं, वाचन नंतर, आणि पालकांनी शिकवणीला सोबत बसायचं. मला हे मनापासून पटलं. मात्र त्या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलेले शिक्षक आम्हाला जवळपास मिळाले नाहीत, आणि तिथलं सगळं वादनसाहित्य पाश्चात्त्य. आमच्या घरात दिवसभर ख्याल आणि नाट्यगीतं.

निर्णय झाला तो प्रतापनगरच्या एका सरांकडे. त्यांनी पहिल्या दिवशी गज, म्हणजे तारांवर फिरवायची काठी, हातात दिलाच नाही. तानपुरा लावला आणि म्हणाले, "बेटा, आधी सा म्हण." तिने म्हटला. मग मांडी घालून बसवलं, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकवलं आणि म्हणाले, "आता तोच सा तारेवर शोध." बोट थोडं खाली पडलं. तिचं तिलाच ते खटकलं, आणि ते हळूच सरकवत तिने सूर गाठला. सर एक शब्द बोलले नाहीत. मला तिथेच उत्तर मिळालं.

हिंदुस्थानी पद्धतीत तारा सा आणि प अशा आलटून पालटून लावतात. व्हायोलिन पावलावर टेकलेलं असल्याने डावा हात मोकळा राहतो, त्यामुळे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर सलग सरकत जाणं, सहज घेता येते. व्हायोलिनवादक एन. राजम गायक ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकल्या. त्यांच्या वादनात गाणं ऐकू येतं ते यामुळेच. त्यांची आणि व्हायोलिनवादक डी. के. दातारांची ध्वनिमुद्रणं आम्ही रोज संध्याकाळी लावतो. सुझुकींकडून घेतलेली ही सवय, आणि शिकवणीला मी सोबत बसते तीही.

यजमानांचं म्हणणं होतं, नोटेशन आलं नाही तर पुढे वाद्यवृंदात अडेल. मुद्दा खरा आहे. पण वाचन बाराव्या वर्षीही शिकता येतं. कान तयार व्हायचं वय हेच आहे, असं माझं ठाम मत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेचीही घाई नको, असं सरांनीच सांगितलं.

वाद्य घेताना माप बघाच. तिला पाव आकाराचं बसलं. मोठं घेऊन ठेवलं की बोटं ताणली जातात आणि सूर चुकतो. आणि नागपूरचा उन्हाळा! कोरड्या हवेत खुंट्या सैल पडतात, कूलरच्या ओलाव्यात घट्ट बसतात. म्हणून चारही तारांना बारीक सुरासाठीचे स्क्रू असलेलंच घ्या, आणि व्हायोलिनची पेटी कूलरच्या झोतात ठेवू नका.