युरिया स्वस्त कधी होणार?

लग्नकार्यात भेटलात की तुम्ही हेच विचारता आणि मी "वेळ लागेल" म्हणून पंगतीकडे सटकतो. आता विचारलंतच म्हणून सांगतो, काका: माझ्या कामाने युरिया स्वस्त होणार नाही. निदान मला दिसतंय तोवर तरी नाही.

हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू लोखंड आणि मॉलिब्डेनम वापरून हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करतात, ज्यापासून युरिया बनतो, तेही भट्टी न पेटवता. ते धातूच्या साध्या संयुगांकडून करून घ्यायचं, हा आमचा उद्योग. २००३ साली यांडुलोव्ह आणि श्रॉक या रसायनशास्त्रज्ञांनी ते मॉलिब्डेनमवर, साध्या दाबाला जमवलं. धातूच्या एका अणूमागे अमोनियाचे आठ रेणूही निघाले नव्हते, तरी तो पराक्रमच होता. हसू नका.

आमचं संयुग लोखंडाचं. एका संध्याकाळी चाचणीचं द्रावण गडद निळं झालं. निळं म्हणजे अमोनिया. चहा आला, कुणीतरी फोटोही काढला. सर एवढंच म्हणाले, "पंधराचा नायट्रोजन लावून बघा." हा जड नायट्रोजन महाग असतो, पण त्याचा अमोनिया एनएमआरमध्ये, म्हणजे चुंबकाने रेणू ओळखणाऱ्या यंत्रात, दोन रेषा दाखवतो, साध्याचा तीन. भोवती सगळा जड वायू भरून प्रयोग परत लावला. पडद्यावर सारख्या उंचीच्या तीन रेषा आल्या. दोन रेषांचा पत्ताच नव्हता. संयुग तयार करताना धातूला जो साधा नायट्रोजन चिकटला होता, तेवढ्याचाच अमोनिया झाला होता. भोवतालच्या वायूतला एक कणही घेतला नव्हता.

"एकदा दिलं आणि मेलं," सर म्हणाले.

पण नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध तुटला होताच की! हे मी अजूनही भांडून सांगतो.

२०१९ मध्ये टोकियोच्या निशिबायाशींच्या गटाने एका मॉलिब्डेनममागे ४,३५० रेणूंपर्यंत मजल मारली. सोबत पाणी आणि इलेक्ट्रॉन पुरवायला समेरियम धातूचं आयोडाइड. हिशेब करा: १७ ग्रॅम अमोनियाला हे आयोडाइड सव्वा किलोच्या आसपास लागतं. कुठल्या शेताला परवडेल?

प्रवेशाच्या मुलाखतीत मी छाती काढून शेतकऱ्यांचं नाव घेतलं होतं. तो पोरगा खोटारडा नव्हता, पण त्याने समेरियमचा भाव बघितला नव्हता. तो आज मला विचारेल, मग ग्लव्हबॉक्समध्ये, त्या हवाबंद पेटीत, हात घालून बसतोस कशाला? तीन रेषांच्या जागी दोन का आल्या नाहीत, ते मला अजून कळलेलं नाही म्हणून.

तुम्हाला हे उत्तर पटणार नाही. त्यालाही पटलं नसतं.