चाकोरी मोजताना

गेला महिनाभर मंगळावरचे डोंगर बघणं जवळजवळ बंद केलंय. माउंट शार्पचे कडे, गेल नावाच्या विवराची धुळीत विरलेली पलीकडची कड, सगळं सुंदर आहे, पण नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरने (मंगळावर फिरणाऱ्या गाडीने) पाठवलेली चित्रं घेऊन तीन वर्षं तेच जोडत बसले आणि माझ्या पॅनोरामांत नवं काही येईना. म्हणून सध्या क्युरिऑसिटीच्या मागे बघतेय. नॅव्हकॅमची (वाट बघायच्या कॅमेऱ्याची) मान वळवून काढलेली ती काळी-पांढरी चित्रं, ज्यात नुसती चाकोरी असते आणि जी आपण चित्रं जोडणारे हौशी लोक सगळेच भराभर सरकवतो, ती.

सरकवण्याची किंमत मी एकदा मोजली आहे. ३० मे २०२४ ला गेडिझ व्हॅलिस नावाच्या दरीत रोव्हरच्या चाकाखाली एक दगड चिरडला गेला आणि आत शुद्ध गंधकाचे स्फटिक निघाले. सल्फेटं (गंधकाची संयुगं) मंगळावर आधीही भरपूर सापडली होती, निव्वळ गंधक कधीच नव्हतं. मास्टकॅमने (रोव्हरच्या रंगीत कॅमेऱ्याने) त्याचे फोटो ७ जूनला, सोल ४२०८ ला (सोल म्हणजे मंगळावरचा दिवस) काढले. त्या आठवड्यातली चित्रं मी अंधेरी लोकलच्या लेडीज डब्यात उभ्या उभ्या पाहिली होती. वहीत नोंद काय? ‘फुटका दगड.’ बस. जुलैत बातमी आली तेव्हा वही उघडून स्वतःलाच दोन शिव्या घातल्या.

चुकलं ते उजेडात. मंगळाच्या हवेतल्या धुळीतून गाळून येणारा उजेड तांबूस असतो, आणि कच्च्या चित्रात तो तसाच उतरतो. त्यात गंधकही धुळीच्याच रंगाचं दिसतं. व्हाइट बॅलन्स केल्यावर, म्हणजे उजेडाचा तांबूसपणा वजा केल्यावर, तेच खडे असे पिवळे झाले की ओरडलेच. आपल्यातले काही जण व्हाइट बॅलन्सला मेकअप म्हणतात. म्हणोत. आता प्रत्येक रंगीत चित्राची मी एक संतुलित प्रत ठेवते, दगड कितीही फालतू वाटला तरी.

तर, चाकोरी. क्युरिऑसिटीच्या चाकांना मुद्दाम भोकं ठेवली आहेत हे बहुतेकांना माहीत असेल. मोर्सच्या टिंब-रेघांच्या लिपीत तिथे ‘जेपीएल’ (रोव्हर बनवणारी नासाची प्रयोगशाळा) लिहिलंय, म्हणजे चाक फिरेल तसतशी वाळूत ती अक्षरं उमटत जातात. ही नुसती हौस नाही. चाकाचा व्यास ५० सेंटिमीटर, म्हणजे एका फेरीत साधारण १.५७ मीटर. दोन खुणांमधलं अंतर त्याहून कमी भरलं, तर चाक फिरलं पण गाडी तेवढी पुढे गेली नाही, घसरली. रोव्हर स्वतः फोटो काढून हा हिशोब करू शकतो. मला तो घरबसल्या डोळ्यांनी करून बघायचा होता.

पहिले आठ दिवस आकडे वेड्यासारखे येत होते. खुणा दुप्पट मोजल्या जायच्या. मग लक्षात आलं की सरळ रेषेत मागचं चाक पुढच्या चाकाच्याच चाकोरीतून जातं, आधीची खूण अर्धी पुसतं आणि तिच्यावर आपली उमटवतं. शिवाय जवळची खूण मोठी, लांबची बारीक. कागदावर कितीही समजलं तरी डोळ्याला ते पटत नव्हतं.

तोडगा लेकीच्या सायकलमुळे निघाला. तिची सायकल वीस इंची. वीस इंच म्हणजे ५०.८ सेंटिमीटर! मंगळावरचं चाक आमच्या जिन्याखाली उभं होतं, आणि मी रोज त्याला अडखळत होते.

पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचे तुकडे आणले आणि मागच्या टायरवर सोल्यूशनने चिकटवले. एक आखूड, एक लांब, एक आखूड. मोर्समध्ये हा ‘आर’, लेकीच्या नावाचं पहिलं अक्षर. ‘जेपीएल’ लिहायला तिची साफ ना होती. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वासहाच्या ओहोटीला दादर चौपाटीवर गेलो. पाणी लांब गेलेलं, ओली वाळू सपाट आणि घट्ट. ती सायकल चालवत पुढे, मी शिवणाचा टेप घेऊन मागे. फिरायला आलेले एक काका थांबून म्हणाले, “काय ओ, काही हरवलं का?”

ओल्या वाळूत दोन खुणांमध्ये १५७, १५६, १५७. सुख. मग तिला वरच्या भुसभुशीत, कोरड्या वाळूत घातलं. ती पेडल मारून मारून लाल झाली आणि अंतर आलं १३१. सहाव्या हिश्श्याएवढी घसरण, टेपवर सरळ दिसतेय. शेवटी मोबाइल काठीला बांधून साधारण दोन मीटर उंचीवरून, म्हणजे नॅव्हकॅम असतो तेवढ्यावरून, मागच्या चाकोरीचा फोटो काढला. लांबी माहीत असलेली चाकोरी त्या कोनातून कशी आखडत जाते हे एकदा पाहिलं आणि मग मंगळाच्या चित्रांत डोळा बसला.

आता स्थिती अशी: चांगल्या उन्हातल्या चित्रात मला चार-पाच खुणा खात्रीने मोजता येतात, म्हणजे सहाएक मीटर. त्यापुढे अंदाजपंचे. सावल्या लांब असलेली, संध्याकाळची चित्रं सगळ्यात बरी, कारण खुणेच्या कडा उठून दिसतात. भर दुपारची निरुपयोगी. वळणावरचं काही मोजू नका, डोकं दुखतं. फाटलेल्या पत्र्याच्या खुणा चाकोरीत ओळखता येतील अशी मला आशा होती (चाकाचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा, २०१३ पासून त्याला भगदाडं पडताहेत), पण नॅव्हकॅमच्या चित्रात मला तरी जमलेलं नाही. कोणाला जमलं असेल तर कुठला सोल ते जरूर कळवा.

सायकलवरचे तुकडे अजून काढलेले नाहीत. परवाच्या पावसात लेक चिखलाच्या चाकांनी गेटपासून लिफ्टपर्यंत आली. वॉचमन फडकं शोधत होता, तेवढ्यात मी मोजून घेतल्या. नऊ खुणा, फरशीवर घसरण शून्य.