बाभळीचा आरा आणि बाउरान

लाकूडकाम मला घरातूनच मिळालं. अण्णा सुतार होते, उदगीरच्या आसपासच्या कितीतरी गावांतल्या बैलगाड्या त्यांच्या हातच्या. रंधा, पटाशी, करवत, गिरमिट ही त्यांची सगळी हत्यारं त्यांच्यामागे माझ्याकडे आली. कॉलेजात गणित शिकवायचं आणि सुटीच्या दिवशी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आयर्लंडची वाद्यं बनवायची, असं माझं सध्या चाललंय. बाउरान, टिन व्हिसल, बोन्स. ऐकणाऱ्याला हे पटकन जुळत नाही. पण ही वाद्यं वापरणारी माणसं शेतातली, बंदरावरची, गावगाड्यातली होती. बकऱ्याचं कातडं, वाकवलेली फळी, पत्र्याची नळी, जनावराची बरगडी, जे हाताशी होतं त्यातून वाद्य झालं. मग मी उदगीरच्या बाजारात जे मिळतं त्यातून ती करावीत, हे मला त्या वाद्यांच्या स्वभावाला धरूनच वाटतं.

मला हे संगीत यूट्यूबमुळे लागलं. रात्री पेपर तपासताना आयरिश सेशनचे व्हिडिओ लावून ठेवायचे. सेशन म्हणजे पबमध्ये वादक गोल करून बसतात, स्टेज नाही, माइक नाही, एकाने धून उचलली की ज्याला येते तो सामील होतो. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाची बैठक जशी चालते तशीच. पण माझं लक्ष सारखं त्या मांडीवर धरलेल्या एकतोंडी वाद्याकडे जायचं. ते बाउरान.

बाउरान म्हणजे लाकडाचं गोल कडं आणि त्यावर एका बाजूने ताणलेलं बकऱ्याचं कातडं. व्यास बहुतेक 35 ते 45 सेंटिमीटर, कडं चांगलं खोल. वादक बसून ते डाव्या मांडीवर उभं धरतो, उजव्या हातात वीतभर लांबीची, दोन्ही टोकांनी वाजणारी काठी पेनासारखी धरून मनगट हलवतो. तिला टिपर म्हणतात. डावा हात मागून कातड्याला आतल्या बाजूने टेकलेला असतो आणि सगळी गंमत त्या हातात आहे. तो दाबत, सरकवत नेला की सूर वर-खाली होतो, घुमारा मोकळा सुटतो किंवा आवळला जातो. पुष्कळ अभ्यासक या वाद्याचं मूळ धान्य पाखडायच्या आणि वाहायच्या कातडी परातीत शोधतात. पूर्वी ते मुख्यतः 26 डिसेंबरला, रेन नावाच्या चिमुकल्या पक्ष्याच्या सणाला, घरोघर फिरणाऱ्या पोरांच्या हातात दिसायचं. 1960 च्या दशकात शॉन ओ रिआदा या संगीतकाराने त्याला वाद्यवृंदात आणून बसवलं आणि मग ते जगभर गेलं. आपल्या हलगीला आणि दिमडीला असं मानाने आणून बसवणारं कुणी त्या काळात भेटलं असतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

कडं करायला मी 3 मिलिमीटरचं प्लायवूड घेते. 40 सेंटिमीटर व्यासाचं कडं म्हणजे परिघ साधारण 126 सेंटिमीटर. तेवढ्या लांबीच्या, 12 सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या. कापताना वरच्या थराचे रेषे पट्टीच्या आडवे यायला हवेत, म्हणजे ती न तडकता वाकते. एकावर एक तीन थर फेविकॉलने चिकटवायचे आणि प्रत्येक थराचा सांधा वेगळ्या जागी ठेवायचा. तिकडे याच कामाला अ‍ॅश नावाच्या झाडाची फळी वाफेवर वाकवतात. चिकटवलेले थर वाळेपर्यंत दाबून धरायला एवढे शिकंजे कुणाकडे असतात? मी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापते आणि साच्याभोवती ताणून गुंडाळते. रबराचा दाब चहूबाजूंनी सारखा बसतो. पंक्चरवाल्याकडे या ट्यूब फुकट मिळतात.

कातड्याचं काम मात्र मला शिकावं लागलं, आणि ते शिकवलं एका हलगी बनवणाऱ्या मामांनी. ते इथून जवळच्या एका गावात राहतात. वय सत्तरीच्या पुढे, बोटं अजून वाकलेली नाहीत. मी पहिल्यांदा कडं घेऊन गेले तेव्हा त्यांनी ते फिरवून फिरवून पाहिलं.

"एवढं खोल कामून केलं? गळ्यात कसं अडकवनार?"

"मामा, हे मांडीवर घेऊन बसून वाजवतेत."

ते जरा थांबले, कड्याच्या आत हात घालून पाहिला. "मंग हात आतून लागनार. तवा कडक कातडं कामाचं न्हाई मॅडम. याचा सूर खाली पायजे."

बाउरान त्यांनी आधी कधी ऐकलं नव्हतं. नुसती कड्याची खोली आणि धरायची पद्धत कळली, तेवढ्यावर त्यांनी आवाज ओळखला. हलगी कडकडली पाहिजे, लांबून ऐकू आली पाहिजे, म्हणून तिचं कातडं पातळ आणि टणक. बाउरानचा आवाज खर्जातला, खोलीत भरून राहणारा. त्याला मऊ आणि दमदार कातडं लागतं.

मामा कातडं चुन्याच्या पाण्यात ठेवतात, केस सुटायला लागले की सुरीच्या बोथट बाजूने खरवडतात, मग साध्या पाण्याने धूत राहतात, चुना पूर्ण जाईपर्यंत. मढवायच्या आदल्या रात्री ते पुन्हा पाण्यात भिजत घालायचं. सकाळी उजेडासमोर धरलं की त्यात सगळं दिसतं: कुठे जाड, कुठे पातळ, कुठे जुन्या जखमेचा डाग, आणि मधून गेलेली पाठीच्या कण्याची गडद रेघ. ती रेघ कड्याच्या बरोबर मधून गेली पाहिजे. "कना एका अंगाला गेला तर आवाज बी एका अंगाला जातंय," मामा म्हणाले आणि अंगठ्याने दोन्हीकडे दाबून दाखवलं. आयर्लंडमधल्या कित्येक बाउरानवरही तुम्हाला ही रेघ मधोमध दिसेल. दोन्हीकडच्या कारागिरांना बकऱ्यानेच तो धडा दिला असणार.

ओलं कातडं कड्यावर टाकून मी ते हलक्या हाताने ओढते. फार ताणायचं नाही, वाळताना ते आपोआप आवळतं. समोरासमोर दोन खिळे, मग त्यांच्या आडवे समोरासमोर दोन, असं करत करत पितळी टोपीचे खिळे पूर्ण फेरा मारतात. सोफ्याचं काम करणाऱ्यांकडे हे खिळे मिळतात. खरा प्रश्न आपल्या हवेचा आहे. आयर्लंडमध्ये हवा वर्षभर दमट, तिथे कातडं सावकाश वाळतं. आमच्याकडे मार्चमध्ये दुपारी उघडं ठेवलं तर कडेला आधी वाळून ते खिळ्यांपासून फाटू पाहतं. म्हणून सावलीत, वरून ओलं गोणपाट झाकून, दोन दिवस. मामांची ही युक्ती मला कुठल्याच व्हिडिओत सापडली नसती.

वाळल्यावर पहिला ठोका मारला की कडेकडून एक बारीक, धातूसारखी झणझण ऐकू येते. ती मारायला कडेभोवती काळी इन्सुलेशन टेप लावतात. वायरमनकडची साधी टेप. पुष्कळ आयरिश वादकही हेच करतात. दोन पदर लावून ऐकायचं, हवं तर तिसरा. झणझण विझत जाते आणि खालचा गोल घुमारा वर येतो.

टिपरसाठी मी बाभूळ वापरते, आणि ती साधी बाभूळ नाही. अण्णांच्या शेडमध्ये बैलगाडीची मोडकी चाकं पडून होती. त्यातला एक आरा काढला. चाळीस-पन्नास वर्षं उन्हापावसात मुरलेलं लाकूड, बाहेरून करडं, रंध्याचे दोन हात फिरवले की आत लालसर तपकिरी, आणि हातात घेतल्यावर वजन लगेच जाणवतं. मधे जरा बारीक, दोन्ही टोकांना गोल. टोकं फार जड झाली तर मनगट थकतं, हलकी झाली तर ठोका पोकळ येतो. घासून, वाजवून, पुन्हा घासून ते साधायचं. आऱ्यावर अण्णांच्या पटाशीची एक खूण होती. ती मी मधल्या भागात ठेवली आहे, बरोबर अंगठ्याखाली येते.

ठेका शिकताना आपल्या लोकांना एक सोय आहे. जिग नावाचा प्रकार सहा मात्रांचा, तीन-तीनचा, म्हणजे दादरा कानात असेल तर पाय लगेच हलतो. रील चारांत. स्लिप जिग मात्र नऊ मात्रांचा असतो आणि तो मला अजून सगळ्यांत सुंदर वाटतो, तीन तीन तीन करत पुढे ओढत नेणारा.

टिन व्हिसल करणं त्यामानाने सोपं, म्हणून विद्यार्थ्यांना मी तिथून सुरुवात करायला लावते. इंग्लंडमध्ये 1843 च्या सुमारास रॉबर्ट क्लार्कने टिनच्या पत्र्याच्या या बासऱ्या बनवून विकायला सुरुवात केली. स्वस्त होत्या, आयर्लंडमध्ये घराघरांत गेल्या. सहा भोकं, आपल्या बासरीसारखी, फक्त फुंक शिट्टीसारखी थेट तोंडातून जाते, त्यामुळे पहिल्याच दिवशी आवाज निघतो.

मी अर्ध्या इंची सीपीव्हीसी पाइप घेते, सोलर वॉटर हीटरच्या गरम पाण्याला वापरतात तो. आतला व्यास साधारण 12 मिलिमीटर, डी सुराच्या व्हिसलला तो बरोबर बसतो. गणित असं: डी म्हणजे 587 हर्ट्झ. ध्वनीचा वेग सेकंदाला 345 मीटर धरला तर अर्धी तरंगलांबी 29.4 सेंटिमीटर येते. प्रत्यक्ष नळी त्याहून आखूड लागते, कारण हवेचा स्तंभ दोन्ही टोकांना नळीच्या थोडा बाहेर पसरतो. म्हणून खिडकीपासून (म्हणजे तोंडाजवळ नळीवर कापलेली, फुंक जिच्या धारेवर आदळते ती फट) खालच्या टोकापर्यंत 28 सेंटिमीटर ठेवायचं आणि मोबाइलवरच्या ट्यूनरवर बघत बघत थोडं थोडं कापत डीपर्यंत यायचं. मग खालून वर एकेक भोक, आधी 4 मिलिमीटरच्या ड्रिलने, नंतर गोल कानशीने मोठं करत. भोक मोठं केलं की सूर चढतो. चढवता येतो, उतरवता येत नाही, म्हणून घाई नको. तोंडाकडचा लाकडी गट्टू वरून सपाट घासून मिलिमीटरभर वाट ठेवायची, तिच्यातून फुंकेचा पातळ पट्टा निघून खिडकीच्या धारेवर आदळतो. आवाज त्या धारेवर तयार होतो, तेव्हा सगळ्यात जास्त वेळ तिथे द्यावा.

हे सगळं सकाळी करावं. 20 अंशांना ध्वनीचा वेग 343 मीटर, आणि आमच्या मे महिन्यातल्या 42 अंशांना जवळपास 356. फरक पावणेचार टक्क्यांचा. सा पासून कोमल रे साधारण सहा टक्क्यांवर आहे, म्हणजे नुसत्या उन्हाने सूर त्या अंतराच्या निम्म्याहून जास्त चढू शकतो. वाजवताना आपल्या श्वासानेही नळी गरम होते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक इतका पडत नाही, पण कानाला कळण्याइतका पडतो. बारावीच्या पोरांना तापमान आणि ध्वनीचा वेग मी याच नळीवर शिकवते, आणि मग त्यांना तो शिकवावा लागत नाही.

बोन्सबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एका हातात बोटांच्या फटीत दोन वाकड्या पट्ट्या धरायच्या आणि मनगट झटकायचं. पूर्वी बरगडीच्या हाडांच्या असत, मी शिसवाच्या करते. तासाभराचं काम.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगते. चांगली लांब, खर्जातली लो व्हिसल आज आयरिश संगीतात सगळीकडे ऐकू येते. ती जुनी नाही. 1971 मध्ये बर्नार्ड ओव्हरटन या कारागिराने ती धातूच्या नळीतून बनवली, आणि त्याचं निमित्त होतं फिनबार फ्युरी या वादकाची एक मोडलेली बासरी. ती बासरी भारतातली होती, बांबूची. हे कळल्यापासून परकं-आपलं हा प्रश्न कुणी विचारला की मी एवढंच सांगते आणि कामाला लागते.

मामांचा या सगळ्यातला रस वेगळ्याच जागी आहे. मी नंतर केलेल्या बाउरानमध्ये आतून एक दुसरं कडं बसवलं, कातड्याच्या खाली टेकणारं, आणि बाहेरच्या कड्याला सहा बोल्ट. अ‍ॅलन चावीने बोल्ट फिरवले की आतलं कडं कातड्याला वर ढकलतं आणि सूर चढतो. उलटे फिरवले की उतरतो. उन्हाळ्यात उतरवायचं, पावसाळ्यात चढवायचं. मामांनी चावी हातात घेतली, फिरवली, ठोका मारला, पुन्हा फिरवली.

"पावसाळ्यात वरातीला गेलं की आमाला हलगी शेकायला जाळ करावं लागतंय. काटक्या बी वल्ल्या. हे हलगीला बसतंय का बघा की."

हलगी उभ्याने, चालत वाजवायची, एका हातावर तोललेली. बोल्ट आणि आतलं कडं यांचं वजन वाढलं तर ती तासन्‌तास धरवणार नाही. बाहेरचं कडंही अरुंद, त्यात सहा बोल्ट मावत नाहीत. मी आतल्या कड्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणली आहे आणि बोल्ट चारच ठेवले आहेत. चारांवर ताण सारखा बसतो का, की दोन बोल्टांच्या मधे कातडं सैल पडतं, हे मढवल्याशिवाय कळणार नाही. कातडं मामांकडे चुन्यात आहे. या हलगीचा सूर कुठे ठेवायचा ते तेच ठरवतील, चावीही त्यांच्याचकडे राहील.