जोकरांची शाळा आणि एक थप्पड

फ्लोरिडातल्या व्हेनिसला लोक समुद्रासाठी जातात. मी हट्टाने गेले जोकरांच्या शाळेचं गाव म्हणून. उन्हाने जीव नकोसा झाला. जुन्या रेल्वे डेपोत सर्कशीतल्या वाघांच्या ट्रेनरचा पुतळा पाहिला आणि वैतागून सॅरासोटाच्या रिंगलिंग या सर्कसवाल्या घराण्याच्या म्युझियमचा एसी गाठला. तिकीट महाग वाटलं, पण पैसे वसूल झाले ते एका आजोबांमुळे.

लू जेकब्ज या जोकराची इवलीशी मोटार बघत ते उभे होते. हा सहा फुटी माणूस त्यात मावायचा कसा, असं मी पुटपुटले, तर म्हणाले, "आम्हाला शिकवायचे ते." आजोबा शाळेच्या अगदी सुरुवातीच्या एका बॅचचे निघाले! हयात माणसाला टपाल तिकिटावर न छापणाऱ्या अमेरिकेत 1966च्या सर्कशीवरच्या टपाल तिकिटावर जेकब्जचाच चेहरा होता. असे मास्तर, आणि फी शून्य.

अर्व्हिन फेल्डने 1967मध्ये रिंगलिंग सर्कस विकत घेतली तेव्हा जोकर म्हातारे झाले होते. यांना पडता येतं, पण परत उठता येईल का, अशी म्हणे त्याला धास्ती. म्हणून 1968मध्ये ही शाळा. 1997मध्ये ती बंदही झाली.

आजोबांच्या आठवणी मात्र सगळ्या अंगमेहनतीच्या. रंग लावून झाला की टाल्कम भरलेला पायमोजा तोंडावर थपाथपा आपटायचा, म्हणजे घामाने रंग ओघळत नाही. पाय मात्र कायम सुजलेले.

मग त्यांनी मला तिथेच थप्पड शिकवली. मारणाऱ्याचा हात गालाजवळून नुसता जातो. खाणाऱ्याने त्याच क्षणी कमरेपाशी टाळी वाजवायची आणि मान झटकायची. "मेहनत सगळी खाणाऱ्याची," ते म्हणाले. आमच्या टाळ्यांनी गार्ड दोनदा डोकावला. मला संकोच वाटत होता, त्यांना अजिबात नाही.

शिक्षणाच्या शेवटी मालकासमोर खेळ व्हायचा आणि निवडक मुलांनाच सर्कशीचं कंत्राट मिळायचं. "तुम्हाला?" मी विचारलं. "नाही. जन्मभर विमा विकला," म्हणाले, आणि पुन्हा हात उगारला. टाळी मी वेळेवर वाजवली.

रात्री हॉटेलात नवऱ्यावर प्रयोग केला. त्याला टाळीचं सांगितलं होतं, तरी तो नुसता बघत राहिला.