समुद्राकाठच्या माणसाने कोणता सीपीआर शिकावा

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत हल्ली सीपीआरची, म्हणजे श्वास-हृदय थांबलेल्या माणसाला छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जगवण्याच्या प्रथमोपचाराची, शिबिरं बरीच होतात. शाळेत, मंडळात, ग्रामपंचायतीच्या सभागृहात. तासभर व्याख्यान, सरावाचा एक पुतळा, रांगेत उभी माणसं, प्रत्येकाच्या वाट्याला दहा-बारा दाब, मग फोटो आणि प्रमाणपत्र. त्यात बहुतेक वेळा फक्त छाती दाबायला शिकवतात. यात कुणाची लबाडी नाही. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकाराने सर्वसामान्यांसाठी जी पद्धत तयार झाली, ‘कोल्स’ म्हणतात ती, ती मुळातच फक्त छाती दाबण्याची आहे. तोंडाला तोंड लावायला लोक कचरतात आणि मग काहीच करत नाहीत, त्यापेक्षा नुसतं दाबलेलं बरं, हा त्यामागचा हिशेब. एसटी स्टँडवर पन्नाशीचा माणूस अचानक कोसळला तर तो हिशेब बरोबरच आहे. त्याचं हृदय आधी थांबलेलं असतं, रक्तात काही मिनिटांपुरता प्राणवायू शिल्लक असतो, तो मेंदूपर्यंत ढकलत राहायचं.

बुडालेल्या माणसाचं गणित उलटं. त्याचा श्वास आधी कोंडतो, रक्तातला प्राणवायू संपतो आणि मग हृदय थांबतं. रिकामं रक्त कितीही फिरवलं तरी उपयोग काय? म्हणून बुडण्याच्या प्रसंगी श्वासापासून सुरुवात. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पद्धतीत आधी 2 श्वास, युरोपियन पद्धतीत 5. कुठलीही पाळा, पण श्वास वगळू नका. कधीकधी हृदय अजून मंद चालू असतं आणि वेळेवर मिळालेल्या श्वासांवरच माणूस परततो. समुद्र, खाडी, विहीर, पावसाळ्यातले पऱ्हे आणि धबधब्याखालचे डोह यांच्यामध्ये राहणाऱ्यांनी श्वास न शिकवणारा कोर्स अर्धा समजावा, हे आमचं स्पष्ट मत.

बाहेर काढलेल्या माणसाला हलवून हाक मारा. ओ देत नसेल तर छातीकडे बघा, 10 सेकंदांपेक्षा जास्त नाही. मधूनच एखादा आचका देत असेल तर तो श्वास धरायचा नाही. नवशिके इथेच हमखास फसतात आणि ‘चालू आहे, चालू आहे’ म्हणत मिनिटं घालवतात. दुसऱ्याला 108 लावायला सांगा. एकटेच असाल तर फोन स्पीकरवर टाकून वाळूत ठेवा. कपाळ मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत, तोंडावर तोंड घट्ट, आणि साधारण एक सेकंदाचा श्वास. छाती जेमतेम उचललेली दिसली की पुरे. जोर लावून फुंकलं तर हवा पोटात जाते आणि उलटी बाहेर येते. छाती उचललीच नाही तर डोकं पुन्हा नीट मागे करून बघा. दोष बहुतेकदा मानेच्या कोनात असतो.

त्यानंतर 30 दाब, 2 श्वास, पुन्हा 30. तळहाताची टाच छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, कोपर सरळ, खांदे हातांच्या बरोबर वर. खोली 5 ते 6 सेंटिमीटर, वेग मिनिटाला 100 ते 120. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची; दमलेला माणूस नकळत रेलून राहतो, मग हृदयात रक्त भरतच नाही. दुसरी चूक कोपरं वाकवण्याची, तिसरी हात घसरून पोटाकडे जाण्याची. बरगडी कडकन वाजली तर हातांची जागा तपासा आणि चालू ठेवा. लहान मुलाला छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश दाब, म्हणजे साधारण 5 सेंटिमीटर. तान्ह्याला सुमारे 4.

तोंडातून पांढरा फेस येत राहतो. तो पुसत बसायचं नाही, वरूनच श्वास द्यायचे. उलटी आली तर कुशीवर वळवून तोंड साफ करायचं आणि परत उताणं. पोटातलं पाणी काढायच्या नादात मात्र पडू नका. पालथं घालून पोट दाबणं, पाय धरून उलटं लटकवणं, गरागरा फिरवणं हे प्रकार किनाऱ्यावर अजून होतात. निघतं ते पोटातलं पाणी, आणि बरेचदा तेच श्वासनलिकेत जातं. फुफ्फुसातलं पाणी असं निघत नाही.

शिबिराच्या हॉलमध्ये न कळणारी एक गोष्ट म्हणजे वाळू. कोरड्या भुसभुशीत वाळूत प्रत्येक दाबाला माणूस खाली रुततो आणि खोली मिळत नाही, म्हणून भरतीच्या रेषेजवळच्या ओल्या घट्ट वाळूवर घ्या, पण लाटेच्या टप्प्याबाहेर. उतारावर त्याला पाण्याच्या रेषेला समांतर झोपवा, म्हणजे डोकं-पाय एका पातळीत राहतात. पाण्यात उभं राहून छाती दाबता येत नाही. प्रयत्नही करू नका. ए.ई.डी. मशीन (हृदयाला विजेचा झटका देणारं) हाताशी असेल तर छातीवरची वाळू झटकून, कोरडं पुसूनच पट्ट्या चिकटवा. मशीन आणायला सगळेच पळाले आणि श्वास थांबले, असं मात्र नको.

माणूस शुद्धीवर आला, हसून बोलू लागला, तरी दवाखान्यात न्यायचाच. खोकला किंवा धाप काही तासांत वाढू शकते.

आता चांगला कोर्स कसा ओळखायचा. नाव मोठं आहे का यापेक्षा पुतळे किती ते विचारा. दोन-तीन जणांमागे एक पुतळा हवा, शिवाय लहान मुलाचा आणि तान्ह्याचाही. दाब किती खोल गेला ते दाखवणारं उपकरण हवं. नजरेने 5 सेंटिमीटर कुणालाच कळत नाहीत. प्रत्येकाकडून सलग 2 मिनिटं करून घेतात का, हेही विचारा. दुसऱ्या मिनिटाला दाब उथळ होतात, म्हणूनच दर 2 मिनिटांनी माणूस बदलायचा नियम आहे. आमच्या वळणावळणाच्या घाटरस्त्यांनी रुग्णवाहिका यायला वेळ लागतो, तेव्हा घरटी एकाने शिकण्यापेक्षा वाडीतल्या चौघांनी एकत्र शिकावं, अदलाबदलीसकट. एकमेकांच्या जागी शिरताना खंड 10 सेकंदांच्या आत ठेवणं हा सरावाचाच भाग आहे.

प्रमाणपत्रांचं थोडक्यात. अमेरिकन हार्ट असोसिएशनचा ‘हार्टसेव्हर’ सर्वसामान्यांसाठी, ‘बी.एल.एस.’ आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी; दोन्हींची मुदत 2 वर्षं. रेड क्रॉस आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या अभ्यासक्रमांत प्रथमोपचाराचा भाग जास्त असतो. नुसते व्हिडिओ पाहून मिळणारं प्रमाणपत्र नोकरीला क्वचितच चालतं. लोटे किंवा महाडच्या एम.आय.डी.सी.त काम असेल तर पैसे भरण्याआधी सेफ्टी ऑफिसरला विचारा. मर्चंट नेव्हीत जाणाऱ्या मुलांना एस.टी.सी.डब्ल्यू. या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचा प्रथमोपचाराचा कोर्स डी.जी. शिपिंगची, म्हणजे केंद्राच्या जहाज वाहतूक खात्याची, मान्यता असलेल्या संस्थेतूनच करावा लागतो. तिथे बाकी कुठलंही प्रमाणपत्र दाखवून भागत नाही.

प्रथमोपचार शिकवणारा सापाबद्दल काय सांगतो, ही त्याची परीक्षा. ‘वर घट्ट दोरी बांधा, ब्लेडने चीर द्या’ म्हणाला तर त्याची वही जुनी आहे. कोकणात फुरशाचा दंश नेहमीचा. अंगठ्या-बांगड्या काढा, तो अवयव काठीच्या आधाराने स्थिर करा, माणसाला चालवू नका आणि प्रतिविष कुठे आहे ते फोनवर विचारून थेट तिथे न्या. मण्यार किंवा नागाच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. तिथे वाटेत दिलेले श्वास दवाखान्यापर्यंत जीव टिकवू शकतात. म्हणजे श्वास द्यायला शिकलेला माणूस इथेही लागतोच. विंचवाचंही तसंच: घाम, उलट्या, गार हातपाय दिसले की मंत्र-मुळ्या सोडून गाडी काढा. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडतं हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिलं, पण ते द्यायला रुग्ण वेळेत पोचावा लागतो. पाकटाचा (शेपटीला विषारी काटा असलेल्या चपट्या माशाचा) काटा लागला तर पाय 30 ते 90 मिनिटं सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या वर नाही. आधी स्वतःचा हात घालून बघा, कारण वेदनेत पोळल्याचं कळत नाही.

शिबिराची वेळही विचार करून धरा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. जुलैच्या शेवटी तांडेल, खलाशी जाळी विणत बंदरावरच असतात आणि पुढे गणपती विसर्जन येतंच. मे महिन्यात चाकरमानी भेटतात, पण बोटीवरची माणसं मिळत नाहीत.

प्रमाणपत्र 2 वर्षं चालत असलं तरी हात काही महिन्यांतच विसरतात. चार वाड्यांनी मिळून एक पुतळा घ्यावा आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येकाने 2 मिनिटं दाबावं. दोन माणसांच्या मध्ये चेहरा स्पिरिटने पुसायचा आणि सराव संपला की आतली फुफ्फुसाची पिशवी बदलायची. पावसात पुतळा ओला गुंडाळून ठेवला तर बुरशी धरते, म्हणून पंख्याखाली पूर्ण वाळवूनच पेटीत घालायचा.